शेजाऱ्याची वही



या सदरात आजवर मी ठेवी, विमा, मृत्युपत्र, भागीदारीतील कलह अशा विषयांवर लिहीत आलो आहे. या वेळचा विषय आपल्या घरांत सहसा उच्चारलाही जात नाही, म्हणून संपादकांची परवानगी घेऊनच लिहितो. विषय आहे हरणाच्या शिकारीचा आणि शिकार केलेले हरीण घरीच कापून वर्षभराच्या मांसाची बेगमी करण्याच्या रीतीचा. कोणाचे मन दुखावणार नाही इतपतच तपशील देईन. परंतु तपशील अजिबात टाळता येणार नाही, कारण मला जे सांगावयाचे आहे ते त्यातूनच निघते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता आमच्या कन्येकडे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात होतो. पिट्सबर्ग शहराबाहेरची शांत वस्ती, घरामागे ओक आणि मेपलची झाडी. मन्रोव्हिल येथे हिंदू-जैन मंदिर आहे, तेथे दर आठवड्याला दर्शन घडे. पहाटेचे सामायिक आटोपून खिडकीशी बसावे, तो अंगणात पाच-सहा हरणे उभी असत. शेपटीखालून पांढरी असल्याने त्यांना तिकडे 'पांढऱ्या शेपटीचे हरीण' म्हणतात. ते त्या राज्याचे मानचिन्ह असलेले जनावर आहे. हरीण हे श्री शांतिनाथ प्रभूंचे लांछन, त्यामुळे आमची सौभाग्यवती ती दिसताच हात जोडीत असे.

नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण झाला आणि त्यानंतरच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडला. हा हंगाम म्हणजे तेथील ग्रामीण भागाचा जणू दुसरा सणच. त्यापुढच्या सोमवारी अनेक शाळांना सुट्टी असते. शिकाऱ्याने भडक नारिंगी रंगाचे कपडे घातलेच पाहिजेत. डोके, छाती व पाठ मिळून किमान अडीचशे चौरस इंच नारिंगी दिसले पाहिजे, असा नियम आहे. माणसाने माणसाला हरीण समजून मारू नये, हा त्यामागील हेतू.

आमचे शेजारी सत्तरीचे, विधुर, कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. बर्फ पडला की आपल्या दारापुढचा रस्ता साफ करता करता न सांगता आमच्या दारापुढचाही साफ करून जात. त्या आठवड्यात एका सायंकाळी त्यांच्या मोटारीच्या गॅरेजचे दार उघडे राहिले आणि आत टांगलेले हरीण आमच्या दहा वर्षांच्या नातीच्या दृष्टीस पडले. त्या रात्री ती जेवली नाही. कन्येने त्या बाजूचा पडदा ओढून घेतला, तो महिनाभर तसाच होता. "सकाळी आपल्या अंगणात आलेलेच का ते, नाना?" या नातीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आठ दिवसांनी शेजारी स्वतःच दारात उभे राहिले. हातात जाड पांढऱ्या कागदात बांधलेला पुडा, त्यावर तारीख आणि कशाचे मांस ते सुबक अक्षरात लिहिलेले. दिवाळीत आमच्या मुलीने त्यांना फराळ पाठविला होता, त्याची ही परतफेड होती. मी हात जोडून आमचा नियम सांगितला. ते ओशाळले, क्षमा मागून परत गेले. दुसऱ्या दिवशी मधाची बाटली घेऊन आले! मधही आम्हांस अभक्ष्य, हे त्यांना कसे ठाऊक असणार? तिसऱ्या खेपेस मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक आणला, तो आम्ही आनंदाने स्वीकारला आणि त्यांना चहासाठी बसवून घेतले. इंग्रजीत मी कोठे अडखळलो तर सावरून घ्यावयास नात जवळ बसली.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. समोरचा माणूस कोणताही धंदा करो, मनातील मत बाजूला ठेवून तो समजून घ्यावयाचा, ही सवय हाडीमासी रुजली आहे. त्याच सवयीने मी त्यांना विचारीत गेलो आणि ते सांगत गेले.

शिकारीचा परवाना मिळण्यापूर्वी नवख्यास शिक्षणवर्ग पूर्ण करावा लागतो. परवान्यासोबत चिठ्ठी मिळते. हरीण पडले की जागेवरून हलविण्यापूर्वीच ती भरून त्याला अडकवावयाची आणि दहा दिवसांत शासनाला कळवावयाचे. शिंगे असलेला नर वर्षातून एकच. मादीसाठी विभागवार वेगळे परवाने, तेही ठरावीक संख्येने. त्या एका राज्यात अलीकडच्या हंगामांत दर वर्षी चार लाखांहून अधिक हरणे मारली जातात. हा आकडा ऐकून सौभाग्यवती उठून आत गेली.

पुढचे काम वेळेशी शर्यत असते. मांस नासू नये म्हणून पोटातील अवयव रानातच काढावे लागतात. मग कातडे उतरवून शरीर थंड ठेवावयाचे. तापमान चार अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. हवा थंड असेल तर काही दिवस टांगतात, म्हणजे मांस मऊ पडते. नंतर सांध्यांतून भाग सुटे करावयाचे. पाठीच्या कण्यालगतचा लांब पट्टा सर्वांत कोवळा मानतात. मागच्या मांड्यांचे मोठे तुकडे भाजण्यासाठी ठेवतात, पुढच्या पायांचा व मानेचा खिमा करतात. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून ती वेचून काढावी लागते आणि खिम्यात डुकराची वा गाईची चरबी मिसळतात. आतडी काढल्यावर पन्नास किलो भरणाऱ्या हरणातून वीस-पंचवीस किलो मांस हाती लागते. ते हवाबंद करून, तारीख घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवावयाचे. हे सारे ते स्वतः, स्वयंपाकघरातील मेजावर, दोन दिवस खपून करतात. पूर्वी पत्नी मदतीस असे.

धोकेही त्यांनीच सांगितले. शिशाची गोळी शरीरात फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून दूरवर पसरतात. 2008 साली नॉर्थ डकोटा राज्यात अन्नछत्रांना दान केलेल्या खिम्यात असे कण आढळले आणि तो खिमा फेकून देण्याची सूचना आरोग्य खात्याने दिली. म्हणून आता अनेकजण तांब्याच्या गोळ्या वापरतात. दुसरे संकट हरणांना खंगवून मारणाऱ्या मेंदूच्या रोगाचे. 1967 साली कोलोराडोत तो प्रथम लक्षात आला, पेन्सिल्व्हेनियात 2012 मध्ये पोहोचला. त्याचे कारण असलेले विकृत प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी रोग असलेल्या भागातील हरणाची तपासणी करून घ्यावी व बाधित मांस खाऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे.

आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना एक गोष्ट विशेष वाटेल. या मांसाला बाजारभाव नाही. शिकार करून मिळविलेले हरणाचे मांस खावे, वाटावे, दान द्यावे. विकणे मात्र गुन्हा आहे. उपाहारगृहांत मिळते ते पाळलेल्या हरणांचे, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेले असते. याचे कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात शहरांच्या बाजारपेठांसाठी बेसुमार शिकार झाली आणि शतकाच्या अखेरीस पेन्सिल्व्हेनियात हरीण दिसेनासे झाले. 1895 मध्ये तेथे वन्यपशूंसाठी शासकीय आयोग स्थापन झाला. अवैध मारलेल्या वन्यजीवांच्या आंतरराज्य व्यापारावर 1900 च्या लेसी कायद्याने बंदी आली. 1906 पासून इतर राज्यांतून हरणे आणून या रानांत सोडली गेली. खाणारी तोंडे होतीच. परंतु त्या वंशाचा घास घेतला तो बाजाराने. मांस विक्रीतून बाहेर काढल्यावरच हरीण वाचले. व्यापारात आयुष्य काढलेल्यांनी हे वाक्य जरा थांबून वाचावे.

आता तेथे उलट प्रश्न आहे. लांडगे माणसाने संपविले, जंगल तोडून हिरवळी आणि बागा केल्या, त्यामुळे हरणे अतोनात वाढली. ती रानातील कोवळी रोपे वाढूच देत नाहीत, रस्त्यावर मोटारींवर आदळतात. म्हणून शिकार आवश्यक आहे, असे शेजाऱ्यांचे म्हणणे. मी नम्रपणे म्हणालो, की चूक माणसाची आणि दंड हरणाला, हा न्याय आमच्या धर्मास मान्य नाही. दुसरे मार्ग अगदीच नाहीत असेही नाही. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर 1993 पासून माद्यांना गर्भनिरोधक लस टोचण्याचा प्रयोग अनेक वर्षे झाला, तर स्टेटन आयलंडवर 2016 मध्ये नरांची नसबंदी सुरू झाली. हे मार्ग खर्चिक आणि संथ आहेत, हे खरे. परंतु जेथे मन लागते तेथे खर्चही होतो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "असेल. पण मी शिकार करतो ते केवळ संख्या आटोक्यात राहावी म्हणून नव्हे. मला ते आवडते, माझ्या वडिलांनी शिकविले आहे आणि मी मांस खातो. खोटे कशाला सांगू?"

या स्पष्टपणाने मी चपापलो. तिकडच्या सरकारी कागदांत 'मारणे' हा शब्द सहसा येत नाही. 'हार्वेस्ट', म्हणजे सुगी, असे म्हणतात. हा गृहस्थ मात्र सरळ 'मी मारले' असे म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी वही आणून दाखविली. चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या. तारीख, जागा, वारा, नर की मादी, वजन, किती पुडे झाले, कोणाला किती दिले. बँकेच्या तपासनिसालाही दोष काढता येऊ नये इतकी नेटकी वही. एका पानावरची नोंद मात्र दोनदा अधोरेखित केली होती आणि तिच्यापुढे पुडे, वजन काहीच नव्हते. मी विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग सांगितले, की त्या दिवशी सायंकाळी घाईने गोळी झाडली. हरीण जखमी होऊन झाडीत शिरले. रात्री दिवा घेऊन शोधले, दुसरा सगळा दिवस शोधले, ते सापडले नाही. परवान्याची चिठ्ठी अजून कोरी होती, कायद्याने त्यांना दुसरे हरीण मारण्याची मुभा होती. त्यांनी बंदूक कपाटात ठेवली आणि पुढील संपूर्ण वर्ष शिकार केली नाही. "ते मी मारलेच होते," ते म्हणाले, "म्हणून वहीत लिहिले."

मग वही मिटत सहज विचारले, "तुमच्या धर्मात एवढा कडक नियम आहे, तर तुमच्या बँकेने अशा धंद्यांना कधी कर्ज दिले नसेल?"

प्रश्न भाबडा होता. नात माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "बँक सर्वांची असते," आणि विषय बदलला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना पाच हजार ब्रॉयलर पक्ष्यांच्या शेडसाठी कर्जाचा अर्ज आला होता. अर्जदार होतकरू तरुण, कागदपत्रे चोख. प्रकल्प अहवालात खाद्य, औषधे, मजुरी यांच्या रकान्यांखाली 'मरतूक: पाच टक्के' असा एक रकाना होता. बाकीचे पंच्याण्णव टक्के सहा-सात आठवड्यांनी कोठे जाणार, यासाठी रकाना होता 'विक्री' या नावाचा. पक्षी बँकेकडे नजरगहाण राहणार होते. माझे मन कचरले. तेव्हा मी एक युक्ती केली, जी करताना मला मोठे धर्मपालन केल्यासारखे वाटले होते. पाहणीस मी स्वतः गेलो नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठविले. शिफारस त्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. तिच्याखाली मी फक्त एक शब्द लिहिला, 'सहमत', आणि सही केली.

कर्ज वेळेवर फिटले, शाखेचे उद्दिष्ट पूर्ण झाले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्या वर्षीच्या पर्युषणात मी अठ्ठाई केली होती.

वाचकहो, आपण पाठशाळेत शिकलो, की हिंसा तीन प्रकारांनी लागते: स्वतः केल्याने, दुसऱ्याकडून करविल्याने आणि केलेलीस अनुमोदन दिल्याने. कृत, कारित, अनुमोदित. 'सहमत' या शब्दाचा दुसरा अर्थ मी आजवर शोधतो आहे, मला तो सापडलेला नाही. दर संवत्सरीला प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांचे अतिचार मी मोठ्याने म्हणत आलो. दंतवाणिज्य, केशवाणिज्य, विषवाणिज्य ही नावे मुखोद्गत आहेत. आनंद श्रावकाची ही कथा उपासकदशांगात आहे, ती ऐकताना मान डोलावली आहे. त्या यादीकडे माझ्या स्वतःच्या सहीच्या नमुन्यासमोर ठेवून मात्र मी कधी पाहिले नव्हते.

उत्तराध्ययन सूत्राच्या अठराव्या अध्ययनात कांपिल्य नगरीच्या संजय राजाची कथा येते. राजा घोड्यावरून हरणांचा पाठलाग करीत केसर उद्यानात शिरतो आणि हरीण मारतो. तेथेच गर्दभाली मुनी ध्यानस्थ बसलेले दिसतात. हरणे मुनींची असावीत, आता ते आपल्याला भस्म करतील, या भीतीने राजा थरथरत क्षमा मागतो. मुनी मौनात असतात. पुढे ते बोलतात, तेव्हा प्रथम राजाला अभय देतात. मग सांगतात, की जसे तुला मिळाले तसे अभय तूही इतरांस दे. त्या वचनाने राजा राज्य सोडून दीक्षा घेतो. मी ही कथा अनेकदा व्याख्यानात ऐकली होती आणि दर वेळी स्वतःला मुनींच्या बाजूला बसवून ऐकली होती. त्या रात्री प्रथमच माझी जागा राजाच्या शेजारी आहे असे दिसले, आणि राजाने निदान आपला बाण लपविला नव्हता.

गैरसमज नको. शेजाऱ्यांची शिकार ही संकल्पी हिंसा आहे. श्रावकाला ती सर्वथा वर्ज्य आहे आणि कितीही नेटक्या वहीने तिचा रंग बदलत नाही. जे हरीण आमच्या अंगणात आले त्याला जगावयाचे होते, एवढेच पुरे आहे. परंतु त्या वहीतील अधोरेखित ओळ पाहिल्यावर मला कबूल केले पाहिजे, की आलोचना हा शब्दही न ऐकलेल्या त्या माणसाने ती केली होती, आणि तो शब्द साठ वर्षे उच्चारणाऱ्या मी केली नव्हती.

आपल्यापैकी कोणी बंदूक हाती धरणार नाही. आपल्या ताटात कांदा-लसूण येत नाही, चातुर्मासात पालेभाजी येत नाही. पण आपले शीतगृह भाड्याने घेणारा आत काय साठवितो? आपल्या मालमोटारी परतीच्या फेरीत काय भरून येतात? दलालाने सुचविले म्हणून घेतलेले समभाग कोणत्या कंपनीचे आहेत? औषधाच्या दुकानातील कॅप्सूलचे वेष्टन, चामड्याच्या पाकिटांची एजन्सी, रेशमाचा साठा, डेअरीतून मुलांसाठी येणारे दूध आणि तेथील वासरांचे पुढे काय होते, हे सारे प्रश्न अवघड आहेत. सर्वांचे उत्तर 'सोडून द्या' असे देण्याचा मला अधिकार नाही. उद्योगी हिंसेतून गृहस्थ पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रही जाणते. पण जे सुटत नाही ते लिहून तरी ठेवावे. दिवाळीला चोपडापूजन करतो तेव्हा नव्या वहीत शुभ-लाभ लिहितो. शेवटचे एक पान यासाठी राखावे. त्या पानावर वर्षभरातील आपले सारे 'सहमत' उतरवावे. ते कोणास दाखवावयाचे नाही. पण वर्षानुवर्षे ते पान लिहिणाऱ्याकडून पुढच्या वर्षी एखादा भाडेकरार नूतनीकरणाविना राहील, एखादी एजन्सी परत केली जाईल, असा मला विश्वास वाटतो.

परतण्यापूर्वी मी नातीला शेजारी बसवून त्या कर्जाची हकीकत सांगितली. तिने सगळे ऐकून विचारले, "किती पक्षी होते, नाना?" मी म्हणालो, एका खेपेस पाच हजार, वर्षाला पाच-सहा खेपा, कर्ज पाच वर्षांचे. तिने कागदावर गुणाकार केला आणि उत्तर माझ्यापुढे सरकविले. तो कागद मी घरी आणला आहे. माझ्या नव्या वहीच्या शेवटच्या पानावर पहिली नोंद तीच आहे.

मिच्छामि दुक्कडं.